आक्कांच्या ओट्यावरून दिसणारे दिवे

गाडी उन्हात तापते म्हणून निघायचं उन्हं कलल्यावर, आणि उन्हं कलली की दिवे लावणं आलं. आमच्या घरातलं भांडण इथूनच सुरू झालं. गाडी म्हणजे आमच्या ह्यांची, शेखररावांची, जुनी फियाट. रंग दुधाळ, गिअर स्टिअरिंगला, आणि दिवे? दिवे कसले, देव्हाऱ्यातल्या समया बऱ्या!

दर शनिवारी ही गाडी नाशिकहून विंचूरला जाते. तिथे मळ्यात माझी मोठी नणंद राहते, कुसाबाई. आम्ही आक्का म्हणतो. यजमान गेले, मूलबाळ नाही, नजर अधू झालेली, पण नाशिकला चला म्हटलं की उठून आत जातात. सासूबाई लवकर गेल्या, ह्यांना आक्कांनीच वाढवलं, त्यामुळे शनिवार चुकवायचा नाही हा घरचा कायदा. हायवेवरून मळ्यापर्यंत सरळ कच्चा रस्ता आहे. आक्का दिवेलागणीला ओट्यावर बसून हायवेकडे बघत असतात. आमचे पिवळे दिवे वळले की उठतात आणि तवा ठेवतात. आम्ही फाटकाशी पोचेपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असते. गाडीतून उतरून हात धुवायचे आणि ताटावर बसायचं. इतकी वर्षं हे असंच चाललेलं.

तर झालं असं, की निफाडजवळ कांद्याचा एक ट्रॅक्टर मागून आमच्यावर येता येता राहिला. ट्रॅक्टरवाला खाली उतरला आणि ह्यांना म्हणाला, "काका, मागं लाल दिवा हाय का नुसतं कुंकू लावलंय?" हे तोंडातल्या तोंडात पुटपुटले. मी मात्र घरी येऊन सगळं अमोलला सांगितलं. माझ्या पोटात काही राहत नाही.

अमोल आमचा मुलगा. त्याने तिथल्या तिथे फर्मान काढलं. "पप्पा, एलईडी लावा. नाहीतर फियाट झाकून ठेवा आणि मला सुट्टी मिळेल तेव्हा माझ्या गाडीने जाऊ."

त्याला शनिवारची सुट्टी मिळणार महिन्या-दोन महिन्यांतून एकदा. म्हणजे आक्कांचा शनिवार बुडालाच.

"फियाटला एलईडी?" हे उसळले. "नऊवारीवर गॉगल घातल्यासारखं दिसेल ते!"

"दिसू दे," मी म्हटलं. "मला आक्कांकडे धडधाकट पोचायचंय. जायचं असेल तर एलईडी, नाहीतर मी बसणार नाही गाडीत."

माझ्यापुढे ह्यांचं काही चालत नाही. नाशकातच द्वारका चौकाजवळ अश्विनचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे, तिथे मीच गाडी न्यायला लावली. अश्विनने पुढे-मागे एलईडी बसवले. वर, नव्या दिव्यांना जुना हॉर्न शोभत नाही म्हणून एक नवा हॉर्नही लावला. पोंऽऽऽ असा. हे कोपऱ्यात उभे राहून बघत होते. पुढचे काढलेले बल्ब त्यांनी रुमालात गुंडाळून खिशात ठेवले. मला हसूच आलं.

पुढच्या शनिवारी निघालो. रस्ता कसा लख्ख! मी आपली खुशीत. समोरून येणारा एक मोटारसायकलवाला डोळ्यांवर हात धरून शिवी हासडून गेला, पण मी म्हटलं, जाऊ दे, जळतात लोक. हायवेवरून मळ्याकडे वळलो आणि फाटकाशी येऊन थांबलो.

फाटकाला कुलूप. घरात अंधार. चुलीचा धूर नाही.

आक्कांना फोन लावला तर बिझी. ह्यांनी हॉर्न दिला, पोंऽऽऽ. त्याबरोबर आतून कुत्रं अंगावर यायला लागलं, आणि बांधावरून शेजारचे पुंजाराम दोन-चार गड्यांना घेऊन धावत आले. हातात काठ्या! हल्ली तिकडे विहिरीवरच्या मोटारी चोरीला जात होत्या, आणि अनोळखी गाडी वळलेली बघून आक्कांनीच पुंजारामांना फोन केला होता.

"पुंजाराम, नंबर लिहून घे गाडीचा!" आतून आक्कांचा आवाज आला. "सोडू नको भाड्यांना!"

"आक्का, अगं मी शेखर!" हे ओरडले.

काठ्या खाली झाल्या. पुंजाराम पोट धरून हसायला लागले. आक्का कुलूप काढून बाहेर आल्या आणि गाडीसमोर डोळ्यांवर आडवा हात धरून उभ्या राहिल्या.

"शेखर? मग तुझी गाडी कुठं हाय?"

"हीच की आक्का."

आक्कांनी बॉनेटवरून हात फिरवला, दिव्यापर्यंत नेला. ओट्यावर जाऊन बसल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

"मघापासून वाट बघत बसले व्हते. सगळ्या पांढऱ्या दिव्यांच्याच गाड्या. म्हनलं, आज काय येत नाय हे. चूल बी नाय पेटवली." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मला आता लांबून मानूस कळत नाय गं ललिता. गाडी बी कळत नाय. दोन पिवळे ठिपके वळले की समजायचं, आपले आले."

आक्कांची नजर आहे तेवढीच राहणार, हे डॉक्टरांनी मागेच सांगितलं होतं. पण त्या नजरेत आम्ही एवढेसे उरलोय, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. त्या दिवशी आम्ही तिघांनी दूध-पोहे खाल्ले. परत येताना हे एक अक्षर बोलले नाहीत. "बघ, मी सांगत होतो" असं म्हणाले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं!

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी ह्यांना घेऊन अश्विनच्या दुकानात हजर.

"पुढचे काढ. जुने बल्ब लाव. आणि तो हॉर्न पण काढ मेला."

अमोल मागोमाग आलाच. "आई, अगं भावना ठीक आहेत, पण पप्पांना रस्ता दिसायला नको का?"

त्याचंही खोटं नव्हतं. अश्विनने बॉनेट उघडलं, वायरी चाचपल्या आणि म्हणाला, "काकू, बल्ब ठीक आहेत. त्यांना करंटच पुरेसा मिळत नाही. जुन्या बारीक वायरीतून, डॅशबोर्डच्या बटणातून फिरून फिरून येतो बिचारा. रिले टाकतो, म्हणजे दिव्यांचा वेगळा स्विच, आणि जाड वायर ओढतो, बॅटरीतून थेट."

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही एलईडी मागितले, मी एलईडी लावले."

ह्यांनी खिशातून रुमाल काढला. आठवडाभर बल्ब तिथेच होते, कपडे बदलले तरी! अश्विनने दिव्यांच्या आतला काळा पडलेला पत्राही चकचकीत करून घेतला. संध्याकाळी अमोलने स्वतः तपोवनाकडे चक्कर मारून पाहिली आणि मान डोलावली. पिवळाच उजेड, पण भरघोस.

मागचे एलईडी मात्र अमोलने काढू दिले नाहीत. हे कुरकुरले, तेव्हा मीच म्हटलं, "राहू द्या हो. ट्रॅक्टरवाल्यांना दिसले म्हणजे झालं. मागचं आक्का कुठे बघायला येतायत!"

पुढच्या शनिवारी हायवेवरून वळलो आणि लांबूनच पाहिलं, ओट्यावरची आकृती उठून आत गेली. स्वयंपाकघरातला दिवा लागला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लहान मुलासारखे हसले. फाटक सताड उघडं होतं. त्या दिवशी मी किती भाकऱ्या खाल्ल्या ते विचारू नका.

जेवणं उरकून निघताना आक्कांनी माझा हात धरला. "ललिता, गाडीचे मागचे दिवे बी बदललेत का गं?"

"खटकतात का आक्का? उद्याच काढायला लावते."

"नको नको! आधी तुमी निघाले की बांधावरच्या बाभळीपाशीच दिसंनासे व्हायचे. आता पार हायवेला वळेस्तोवर दिसता. तेवढा वेळ बसते मी हितं."

मी त्यांच्या पाया पडले आणि गाडीत बसले. गाडी कच्च्या रस्त्याला लागली. बाभळीचं झाड मागे पडलं.

"अहो," मी म्हटलं, "जरा हळू घ्या."

एरवी हे दहा प्रश्न विचारतात. त्या दिवशी नुसता गिअर खाली घेतला.