वहिनीला पाच गुण

धाकट्या नणंदेच्या हाती नेमकी वहिनीच्या नावाची चिठ्ठी आली, तेव्हा अख्खा वर्ग फिदीफिदी हसला.

"आता बघा गंमत!" मागून कुणीतरी पुटपुटलं.

वेबसाइट बनवायला शिकवणाऱ्या मॅडमचा नियम सरळ होता. प्रत्येकाचं काम वर्गातल्याच तिघांनी वापरून बघायचं, दहापैकी गुण द्यायचे आणि कारण लिहायचं. कारण नसेल तर गुण बाद. सरासरी सात पडले तरच पुढच्या वर्गात प्रवेश. आणि वहिनीला तो हवाच होता. दोन मुलांचं सगळं आवरून, देवाचं नाव घेऊन ती रोज कॉम्प्युटरपुढे बसायची ती त्यासाठीच.

तिने दाताच्या दवाखान्याची वेबसाइट केली होती. नणंदेने ती मोबाइलवर उघडली. रूप कसं देखणं! पण डॉक्टरांची वेळ घ्यायचं बटण काही केल्या सापडेना. शेवटी हात टेकायची वेळ आली, तेव्हा कळलं की ते पार तळाशी दडून बसलंय. दाढ ठणकणारा माणूस इथवर कशाला येतोय? जड मनाने तिने पाच दिले. कारणही लिहिलं.

मॅडमनी निकाल वाचला. बाकी दोघांनी दहा-दहा दिले होते. एकाने कारण लिहिलं होतं, 'छान'. दुसरीने तेवढेही कष्ट घेतले नव्हते. 'छान' हे काही कारण नव्हे, म्हणत मॅडमनी दोन्ही दहा खोडले. उरले पाच.

नणंद उठली. "मॅडम, मी आठ करते."

"खबरदार, वन्सं!" वहिनी कडाडली. "बटण सहज सापडलं होतं का तुम्हाला?"

"नाही गं, पण..."

"मग पाचच! मॅडम, दुरुस्तीची एक संधी असते ना? आत्ताच करते. तपासायला मात्र हीच तिघं हवीत."

तिने बटण उचलून थेट वर, दवाखान्याच्या नावाखाली आणलं. तिघांनी मोबाइल काढले. तपासणी चालू असताना बनवणाऱ्याने बोलायचं नाही, या नियमाप्रमाणे वहिनी हाताची घडी घालून गप्प उभी. तिच्यासारख्या बोलक्या बाईला हा निर्जळी उपासच!

नणंदेचा अंगठा सरळ बटणावर गेला. 'छान'वाला मात्र अडला. "इथं तारीख बदलताच येत नाही," म्हणत त्याने चांगल्या चार ओळी लिहिल्या आणि सात दिले. दुसरीनेही कारणासकट सातच दिले.

"माझे आठ," नणंद म्हणाली.

"दोन कुठे ठेवलेत?"

"फोटोवरची अक्षरं पुसट आहेत, वहिनी."

"आहेत खरी." वहिनीने खुर्ची ओढली. "मॅडम, पुढच्या वर्गात माझं नाव घाला. तोवर मी अक्षरं ठळक करते."