नऊ सोमवारांचे खोटे वजन

ही गोष्ट २०२२ सालची. त्या वर्षी मी चोपन्न वर्षांचा होतो आणि चोपन्न वर्षांत एकदाही खोटे बोललो नव्हतो. त्या वर्षी बोललो. लागोपाठ नऊ सोमवार बोललो.

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. गोंदियाच्या रेल्वे फाटकापलीकडे एक राइस मिल आहे, तिच्या कोंड्याच्या गोदामात भिंतीशी उभा असतो. खाली बिडाचा जाड पाट, मागे खांब, खांबावर आडवी पितळी दांडी आणि दांडीवर सरकणारे वजन, असे माझे रूप आहे. दांडीच्या शेवटाला आट्यांचा एक लहान पितळी गोळा आहे. तो फिरवून माझे शून्य जुळवतात. या गोळ्यानेच पुढे सारा घोटाळा केला, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

मी १९६८ साली मालगाडीतून इथे आलो. तेव्हा माझ्यावर हिरवा रंग होता. धानाच्या हंगामात बैलगाड्यांची रांग फाटकापर्यंत जाई. हमाल पाठीवरून पोते उतरवत, ते धप्पकन माझ्या पाटावर पडे, आणि माझ्या पोटातल्या साखळ्या कळवळत. पण शेतकरी दांडीकडे बघून मान हलवत, ते मला आवडे. दरवर्षी वजनमापांचे साहेब येऊन माझ्यावर शिक्का मारत.

१९९१ साली केवळराम आला. फुलचूरचा, बावीस वर्षांचा, काडीसारखा. मिलमध्ये सगळे त्याला काटाबाबू म्हणू लागले. रोज सकाळी पहिले पोते यायच्या आधी तो माझा पाट झाडी, दांडी धोतराच्या टोकाने पुसे आणि माझे शून्य बघे. दांडी अधांतरी स्थिर झाली की मगच हमालांना हाक मारी. शेठजी गल्ल्यावरून विचारत, "केवळराम, कांटा बराबर है?" तो म्हणे, "शून्यावर हाय, शेठ." एवढ्या एका वाक्यावर आम्ही दोघांनी तेवीस वर्षे काढली.

२०१४ साली विजेवरचा काटा आला. लाल आकडे लांबूनही दिसतात त्याचे. मला गोदामात हलवले. कोंड्याची आणि कणीची पोती तेवढी माझ्या वाट्याला उरली. केवळराम मात्र सकाळी येऊन माझे शून्य बघतच राहिला. त्याची पावले आता जड झाली होती. आधी गुडघे गेले, मग चालणे गेले, मग साखर वाढली, आणि गोळ्यांचा डबा जेवणाच्या डब्याएवढा झाला. शेठजींनी त्याला दाराशी खुर्ची देऊन पावत्या लिहायला बसवले. दोन वर्षांत दोन खुर्च्या मोडल्या.

त्याची बायको धुरपता रोज दुपारी डबा घेऊन येई. लहानखुरी, गप्प बाई; टीना ही त्यांची मुलगी. तो जेवेपर्यंत ती माझ्या पाटावर बसे आणि धान झाडणाऱ्या अनुसयाबाईशी बोले. नागपूरच्या डॉक्टरांचे मी तिथेच ऐकले.

"डॉक्टर म्हणते, पोटाची थैली कापून लहान करून टाकू. केळावाणी बारीक," धुरपता म्हणाली.

"अवो माय! चांगल्या पोटाले कापतेत कायले?"

"पोट चांगलं हाय, बाई. बाकी सारं बिघडलं. साखर तीनशेच्या खाली येऊन नाही राहिली. दिल थकलं म्हणते. पायाची जखम फागुनापासून सुकून नाही राहिली. अन् वजन असंच राहिलं तं दोन वर्षं बी कठीण, असं तोंडावर सांगतलं."

"तं कर ना मंग आपरेशन."

"अशा माणसाले भूल द्याले बी धोका हाय म्हणते. सही मले करा लागते."

"तुहं मन काय म्हणते?"

धुरपता थोडा वेळ डब्याचे झाकण पुसत राहिली. "मायं मन? त्याले इचाराले टाइमच नाही भेटला."

डॉक्टरांनी तीन महिने दिले होते. जेवण आवरून वजन उतरू लागले, तर ऑपरेशनची घाई नाही. उतरले नाही, तर थांबणे धोक्याचे. दर सोमवारी वजन फोनवर कळवायचे, त्यावर औषध ठरेल. गावच्या दवाखान्यातला काटा दीडशेवर जाऊन थांबे, म्हणून मिलमध्ये वजन करायचे ठरले.

पहिल्या सोमवारी केवळराम विजेच्या काट्यावर चढला. ओमेश नावाचा हमाल तिथे उभा होता. मनाने वाईट नाही, पण जिभेला लगाम नाही. तो मोठ्याने ओरडला, "एकशे चौसष्ट! दीड क्विंटलच्या वर माल हाय, शेठ! काटाबाबू, बारदाना कापू का?"

पोत्यातल्या धानाचे वजन करताना रिकाम्या पोत्याचे वजन वजा करतात, त्याला आमच्याकडे बारदाना कापणे म्हणतात. सारी मिल हसली. सगळ्यात मोठ्याने केवळराम हसला. उतरताना त्याने खांब धरला तेव्हा त्याची बोटे पांढरी पडली होती. गोदामाच्या दारातून मला एवढेच दिसले.

पुढच्या सोमवारी तो धुरपता यायच्या आधी माझ्याकडे आला. दार लोटले. माझ्यावर चढला, वजन सरकवले. एकशे पासष्ट. सात दिवस त्याने भात अर्धा केला होता, चहा बिनसाखरेचा घेतला होता, आणि वजन एक किलोने वाढले होते. तो बराच वेळ तसाच उभा राहिला. मग त्याने हात लांब करून माझा पितळी गोळा धरला.

ज्या हातांनी एकतीस वर्षे माझे शून्य राखले, त्याच हातांनी ते मोडले. मला ओरडता येत नाही. दुपारी धुरपता आली, तेव्हा मी एकशे बासष्ट दाखवले.

"अजी, दोन किलो उतरलं!" ती म्हणाली. तिच्या तोंडावर मी पहिल्यांदाच हसू पाहिले, आणि मला माझ्या गंजाची लाज वाटली.

दर सोमवारी गोळा थोडा सरके; पोत्यांच्या पावत्या लिहिताना तो तेवढे वजन मनातच मिळवी. एकशे एकसष्ट, एकशे साठ, अठ्ठावन्न. डॉक्टर फोनवर शाबासकी देत. अंगातले पाणी उतरते आहे असे समजून त्यांनी पाणी काढायची गोळी निम्मी केली. अनुसयाबाईने सगळ्यांना बातमी दिली की काटाबाबूचे ऑपरेशन टळले. केवळराम ती ऐकून मान खाली घालून पावती लिही. त्याने भात पुन्हा पूर्ण सुरू केला होता, हेही मी सांगितले पाहिजे. हरलेला माणूस उपाशी का राहील?

खोट्याच्या नवव्या सोमवारी तो गोदामात आला तो दोनदा थांबून. चपलेचे पट्टे पायात रुतले होते. पाय सुजून कोहळ्यासारखे झाले होते. मी एकशे पंचावन्न दाखवले. धुरपताने आकडा पाहिला, पाय पाहिले, पुन्हा आकडा पाहिला. तो उतरून भिंतीला टेकला. मग ती स्वतः माझ्या पाटावर चढली.

मी तेहतीस दाखवले.

ती उतरली आणि पुन्हा चढली. तेहतीस.

"अजी," ती हळू म्हणाली, "बुधवारी दवाखान्याच्या आशाताईनं शाळेत मायं वजन केलं. शेचाळीस भरलं. पाच दिसात तेरा किलो कुठी गेले माये?"

"जुना काटा हाय. बिघडला असंल."

एकतीस वर्षांत त्याने माझ्याबद्दल असे कधी म्हटले नव्हते.

"काटा नाही बिघडला," धुरपता म्हणाली. "काऊन केलं?"

केवळराम कोंड्याच्या पोत्यावर बसला. त्याला दम लागला होता. "मले भेव लागते, टीनाची माय. टेबलावर झोपलो अन् उठलोच नाही तं? अन् उठलो बी, तं सारे जेवून राहिले अन् मी दोन घासात ताट सारून पाहून राहिलो. असं जगावं का? अन् त्या लाल आकड्याच्या काट्यावर मी पुन्हा नाही चढत. माल म्हणते मले."

मला वाटले आता ती भांडेल. ती त्याच्यासमोर जमिनीवरच बसली.

"मले ठाऊक होतं," ती म्हणाली. "पायजम्याची नाडी मीच बांधून देतो ना तुमची. नऊ हप्त्यात गाठ बोटभर बी सरकली नाही. तरी आकडा पाहून खुश होऊन राहिली. सही कराची नाही पडत म्हणून. सही केली अन् तुम्हाले काही झालं, तं टीना मलेच इचारंल ना? तुम्ही एकलेच खोटे नाही. भेव मलेबी हाय. पण आता थकली मी, बाप्पा. भेऊन भेऊन थकली."

बाहेर मिलचा पट्टा फिरत होता. 

"शून्य कसं पाहतेत, मले सांगा," ती उठत म्हणाली.

तो बसल्या जागेवरून सांगू लागला. "गोळा मागं फिरव. हळू. आणखी दोन आटे. गोळ्याकडं नको पाहू, दांडीकडं पाह्य. थांब. हात काढ. आता दम घेऊ नको." दांडी वर गेली, खाली आली, आणि मधोमध थांबली. नऊ सोमवारांनंतर मी पुन्हा माझा झालो.

मग केवळराम चढला. एकशे अडुसष्ट.

धुरपताने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. "नऊ हप्त्याचं वजन खोटं सांगतलं जी," ती म्हणाली. "आमचं चुकलं." आमचं म्हणाली, त्याचं नाही. डॉक्टर काही बोलले ते मला ऐकू आले नाही. तिने फोन ठेवला. "आजच बलावलं. पाणी छातीपर्यंत चढलं असंल म्हणते."

"सही करशील?" केवळरामने विचारले.

"करीन. पण तुम्ही हो म्हणान तवाच. पोट तुमचं हाय."

 त्याने धाप जरा बसू दिली. मग म्हणाला, "कर."

ओमेश आणि तिघा हमालांनी त्याला खुर्चीसकट उचलून गाडीत बसवले. त्या दिवशी कोणी विनोद केला नाही.

नागपुरात अकरा दिवस त्याच्या अंगातले पाणी काढले. ऑपरेशन २०२३ च्या फेब्रुवारीत झाले. धुरपताने सही केली आणि पाच तास बाकावर बसून राहिली. तो उठला. पण सगळे गोड झाले असे समजू नका. चार महिने त्याला अन्न ठरत नव्हते, पंगतीला जायचे तो टाळी, आणि एकदा ताटावर रडल्याचे अनुसयाबाई सांगत होती. आता त्याचे वजन एकशे अकरा आहे. पायाची जखम भरली. साखरेच्या गोळ्या निम्म्या झाल्या, गुडघे मात्र तसेच आहेत.

शेठजी मागच्या वर्षी वारले. मिल त्यांचा पुतण्या चालवतो. ओमेश आता विजेच्या काट्यावर बसतो, आणि माणूस चढला तर तोंड मिटून आकडा कागदावर लिहून देतो. टीना देवरीला सासरी आहे. आईने सही केल्याबद्दल तिने काहीच विचारले नाही, फक्त तिच्या पाया पडली. अनुसयाबाईला आता वाकता येत नाही, ती दाराशी बसून बातम्या सांगते. माझ्यावर शिक्का मारायला कोणी येत नाही. पाटाला भोक पडले आहे. भंगारवाला दोनदा बघून गेला.

मित्रांनो, मी जाण्यापूर्वी एवढेच मागतो. कोणी काट्यावर उभे असेल, तर त्याचा आकडा मोठ्याने वाचू नका. हळू सांगा, पण खरा सांगा. आणि त्याच्या शेजारी डबा घेऊन जी उभी असते, तिलाही एकदा विचारा, तुझे कसे चालले आहे.

धुरपताच्या डोळ्यात मोतीबिंदू होता, हेही अनुसयाबाईनेच सांगितले. नवऱ्याच्या आजारपणात तिने तो तीन वर्षे कोणाला सांगितला नाही. मागच्या दिवाळीनंतर गोंदियातच तिचे ऑपरेशन झाले. डोळ्यावर पट्टी बांधून ती बाहेर आली, तेव्हा केवळरामने ऑटो केला नाही. तिचा हात धरून तो जयस्तंभ चौकापर्यंत चालत गेला, आणि वाटेतला प्रत्येक खड्डा तिला सांगत गेला.