कोपराची उंची

रंगाचा एक थेंब खांबावरून ओघळून तसाच सुकला होता. वडिलांनी तो अंगठ्याच्या नखानं खरवडला, रुमालानं पुसला आणि हळूच आजूबाजूला पाहिलं. हयात रंगकामात गेलेल्या माणसाच्या हातून ओघळ राहावा, आणि तोही लेकीच्या यंत्रावर, म्हणजे नाक कापल्यासारखंच.

कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाची यंत्रं ओळीनं मांडली होती. त्या वर्गात मुली बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांतली एक त्यांची. तिनं केलं होतं ते अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पलंगावरून उचलून खुर्चीत ठेवायचं यंत्र. एक उभा खांब, त्याला आडवा दांडा, दांड्याला टांगलेली कापडी बैठक आणि फिरवायला हँडल. विषय घेतला तेव्हा तिची आई अंथरुणात होती. यंत्र उभं राहिलं तोवर अंथरूण रिकामं झालं होतं. सरांनी विषय बदलायची मुभा दिली, पण ही नको म्हणाली. आता हे कुणासाठी, असं वडिलांच्या ओठांवर कितीदा तरी आलं. त्यांनी आपला ब्रश घेऊन रंग देऊन टाकला.

बाहेरून आलेले परीक्षक बुटके होते आणि चष्मा कपाळावर ठेवून बोलत. बैठकीत वाळूच्या पिशव्या भरल्या होत्या. गिअर कोणता, हात सुटला तर वजन खाली का येत नाही, वेल्डिंग कुणी केलं, असं त्यांनी एकामागून एक विचारलं. वडिलांना त्यातलं फार कळत नव्हतं. लेक अडखळत नाही एवढं मात्र कळत होतं, आणि तेवढ्यानं त्यांची मान ताठ झाली होती. आधीच ते ताडमाड. बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आमच्याकडे दिव्याचा खांब आहे, दिवा तेवढा लागत नाही.

परीक्षकांनी हँडल धरलं. त्यांचा हात पार खांद्याजवळ गेला.

"हे इतकं वर? पुस्तकातल्या मापांच्या तक्त्यात हँडलची किती उंची दिलीय?"

तिनं आकडा सांगितला.

"माहीत आहे, तरी चुकलात? शेवटच्या वर्षात? याचे मार्क जातील बरं का."

वडिलांनी रुमालाची घडी केली, मोडली, पुन्हा केली.

"चूक नाही, सर. माप घेऊन बसवलंय."

"पेशंटचं?"

"पेशंटचं नाही. उचलणाऱ्याचं." तिनं वडिलांकडे पाहिलं नाही. "बाबांच्या कोपराची उंची आहे ती."

रुमाल हातात तसाच राहिला. एका दुपारी पलंगाशेजारी उभं करून लेकीनं आईच्या शिवणाच्या टेपनं त्यांचं माप घेतलं होतं. जाकीट शिवायचंय, असं बायकोनं पडल्या पडल्या सांगितलं होतं. जाकिटाचं माप जमिनीपासून घेतात होय, असं त्यांनी विचारलं, तर ती म्हणाली, खांबाचं माप जमिनीपासूनच घ्यावं लागतं. बऱ्याच दिवसांनी ती अशी हसली होती. जाकीट पुढे आलं नाही. दुखण्याच्या धबडग्यात राहून गेलं असेल, असं त्यांनी धरलं होतं.

"आईनंच सांगितलं होतं," लेक परीक्षकांना सांगत होती. "म्हणाली, माझं काय, मी आज आहे. मला उचलून उचलून यांची कंबर गेलीय आणि हे बोलायचे नाहीत. करायचंच तर यांच्यासाठी कर."

परीक्षकांनी हँडल सोडलं. मग म्हणाले, "ते ठीक आहे. पण एका माणसासाठी यंत्र करत नसतात."

तिनं खांबातली खुंटी ओढली, हँडल तक्त्यातल्या उंचीवर आणलं आणि खुंटी तिथल्या भोकात बसवली. खांबाला तशी भोकं खालीवर पाडलेलीच होती. "बाबा, फिरवा जरा."

ते वाकून फिरवू लागले. पिशव्या उचलल्या गेल्या. अर्ध्यावर त्यांचा डावा हात आपसूक कमरेवर गेला, पलंगाशेजारी जायचा तसा. त्यांनी तो चटकन काढून घेतला, पण परीक्षकांनी पाहायचं ते पाहिलं होतं.

लेकीनं खुंटी काढून हँडल पुन्हा वर नेलं. या वेळी ते ताठ उभे राहिले. कोपर जिथं असायला हवं तिथं होतं. पिशव्या लोण्यातून सुरी जावी तशा वर गेल्या.

परीक्षकांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि खांबावरची भोकं बोटानं चाचपली. मार्क जाणार नाहीत, असं ते सरांकडे बघत म्हणाले आणि पुढच्या यंत्राकडे वळले.

लेक एकेक पिशवी उतरवू लागली.

"जाकीट राहून गेलं असं वाटलं होतं मला," वडील म्हणाले.

"तुम्हाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती तिनं."

शेवटची पिशवी निघाली. बैठक रिकामी झाली. वडिलांनी हँडल पुन्हा हातात घेतलं आणि ती खाली आणू लागले, सावकाश, शेवटची वीतभर तर श्वास रोखून, टेकताना धक्का बसू नये म्हणून.