तिसरी कॉपी

राधाकिशननं दोन्ही व्हीसीआरमधल्या कॅसेटी बाहेर काढल्या. आत्ताच भरलेली डाव्या मशीनमध्ये सारली, कोरी उजव्या मशीनमध्ये, आणि दोन्ही हातांनी एकदमच बटणं दाबली. डावीकडं प्ले, उजवीकडं रेकॉर्ड. मधल्या टीव्हीवर किशनरावांच्या पोरीच्या लग्नातला, घरामागचा मांडव पुन्हा उजळला. पुऱ्या लाटणाऱ्या बाया, कढईचा धूर, आणि कडेला बसलेली हिरव्या लुगड्यातली एक भरल्या अंगाची बाई. सकाळपासूनची ही तिसरी खेप होती.

धंद्यातल्या कुणी बघितलं असतं तर म्हणाला असता, याचं डोकं फिरलंय. कॉपी करताना सगळ्यांची धडपड कशासाठी, तर चित्र खराब होऊ नये म्हणून. कॅमेऱ्यातल्या कॅसेटवरून पहिली कॉपी बरी निघते. त्या कॉपीवरून दुसरी काढली की लाल रंग पसरायला लागतो. दुसरीवरून तिसरी काढली की चित्रावर पांढरे दाणे पडतात आणि माणसांचे नाकडोळे पुसट होतात. राधाकिशनला नेमकं तेच पाहिजे होतं. विद्यापीठाच्या नामांतरावरून त्या दिवशी कसलासा बंद होता, बोरीच्या स्टँडवर एक गाडी नव्हती. दुकानाचं शटर अर्धं ओढून तो टीव्हीपुढं बसला आणि त्या बाईचं तोंड पुसलं जायची वाट बघत राहिला.

ती बाई होती सत्यशीला, किशनरावांच्या गड्याची बायको. चांगली धडधाकट, सकाळीच डोक्यावर गवताचा भारा घेऊन दुकानासमोरून गेली होती. राधाकिशनला ती मनकर्णा म्हणून खपवायची होती. मनकर्णा पौषात वारली होती.

आठ दिवसांपूर्वी मनकर्णाची आई, धुरपताबाई, दुकानाची पायरी चढून आली. स्टुलावर बसली. पाणी नको म्हणाली.

“किशनरावाच्या पोरीच्या लग्नात तू शूटिंग केलंस ना, बाबा? माही मनकर्णा व्हती तिथं. पुऱ्या लाटायला.”

“व्हय, होत्या.”

“त्याच्या चौथ्या दिवशी ती ट्रकात बसून गेली, ऊस तोडायला. मला म्हणली व्हती, आई, या साली जाऊ वाटंना. मी म्हणलं, न जाऊन कसं चालंल? तुझा नवरा, वाल्मीक, एकटा काय करंल तिथं? तोडायला जोडी लागती. धाडली मी तिला.”

मग ती स्टुलावर सावरून बसली. बोलायचं ते अजून पुढंच होतं.

“आता जावई म्हणायलाय, ती घरूनच आजारी आली व्हती, तुमी आई असून तुमाला दिसलं न्हाई का. मला खरंच दिसलं न्हाई, बाबा. लग्नाच्या रगाड्यात मी तिच्याकडं धड बघितलंच न्हाई. तुझ्या कॅसेटीत तिचं तोंड असंल. चांगली व्हती का उतरलेली व्हती, एवढं कळू दे मला.”

त्याच वेळी खरं सांगून मोकळं व्हायला पाहिजे होतं. ती कॅसेट पुसली मावशी, म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. पण राधाकिशनच्या तोंडून निघालं, “असंल. काढून ठेवतो. पुढच्या बुधवारी या.” भ्याला तो, दुसरं काही नाही.

कारण मनकर्णा कॅमेऱ्यात आली होती. चांगली मिनिटभर आली होती. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यानं किशनरावांसाठी पहिली कॉपी काढली, तीही अशीच, दोन मशीन जोडून आणि समोर ठाण मांडून. तीन तासांचं लग्न उतरवायला तीन तासच लागतात. नको तो भाग आला की रेकॉर्डच्या मशीनवर पॉज दाबायचा, तो भाग सरला की सोडायचा. कॉम्प्युटर हा शब्द त्यानं फक्त पेपरात वाचला होता. हेच त्याचं एडिटिंग, आणि त्याच्याइतका साफ पॉज अख्ख्या जिंतूर तालुक्यात कुणाला जमत नाही, अशी त्याची ऐट होती.

पुऱ्यांचा भाग आला. लाटणाऱ्या बायांच्या मागं मनकर्णा भिंतीला टेकून बसलेली. गाल आत गेलेले, ओठ पांढरे, एक हात पोटाशी आवळलेला. कॅमेरा आपल्यावर आलाय हे कळल्यावर तिनं पदर सारखा करून ताठ बसायला बघितलं आणि तिला ते जमलं नाही. राधाकिशननं हे सगळं बघितलं. ही धुरपताबाईची लेक, हिचं काहीतरी बिघडलंय, हेही त्याच्या मनात आलं. आणि लगेच दुसरं आलं, की लग्नाच्या कॅसेटीत असलं तोंड बरं दिसत नाही. त्यानं पॉज दाबला.

नंतर तो चहा प्यायला गेला, तो धुरपताबाईच्या दारावरूनच. म्हातारी अंगणात भांडी घासत होती. ‘लेकीकडं जरा बघा’ एवढे तीन शब्द बोलायला काय लागलं असतं? ट्रक निघायला अजून दोन दिवस होते. पण कॉपी संध्याकाळच्या आत द्यायची होती आणि राधाकिशन त्या घाईत होता. पुढच्या आठवड्यात कॅमेऱ्यातली ती कॅसेट त्यानं पूर्णेच्या एका लग्नात पुन्हा वापरली. सगळेच वापरायचे. मनकर्णाच्या जागेवर पूर्णेची वरात आली. उरली ती किशनरावांकडची मनकर्णा नसलेली कॉपी; तीच मागून आणून त्यातला पुऱ्यांचा तुकडा तो आज सकाळपासून उतरवत होता.

तिसरी कॉपी भरून झाली. त्यानं ती मागं घेऊन लावून बघितली. सत्यशीलाचं नाक गेलं होतं, डोळ्यांच्या जागी दोन काळपट ठिपके उरले होते. आता ती कुणाचीही लेक म्हणून चालली असती. राधाकिशनला स्वतःची लाज वाटली आणि काम जमल्याचं बरंही वाटलं, दोन्ही एकदमच.

दुपारी धुरपताबाई शटरखालून वाकून आत आली. त्यानं तिला टीव्हीपुढं बसवलं आणि बटण दाबलं.

“ही बघा मावशी. कडेला. हिरव्या लुगड्यात.”

ती पुढं वाकली. इतकी वाकली, की तिचं कपाळ काचेला लागायला आलं. मग तिनं मान डावीकडं केली, मग उजवीकडं. राधाकिशनला वाटलं, आता ओळखणार, आता म्हणणार ही तर सत्यशीला.

“कुठं, बाबा?”

“ही काय, इथं.” त्यानं काचेवर बोट ठेवलं.

“मला नुसता उजेड हलल्यावानी दिसायलाय. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय. डॉक्टर म्हणला, पिकू द्या, मग काढू. मला वाटलं, टीव्हीत तरी मोठं दिसंल.”

गेल्या बुधवारी ही पायरी चाचपत चढली होती, ते राधाकिशनला आत्ता आठवलं. तेव्हा त्यानं तेही बघितलं नव्हतं. सकाळपासून तीन-तीन कॉप्या काढून त्यानं जे पुसलं, ते पुसायची काही गरजच नव्हती.

“मग सुनंला आणायचं ना संगं.”

“सुनंच्या तोंडून न्हाई ऐकायचं मला. ती गावभर करंल. तू सांग. तुझं तर कामच बघायचं हाय.” तिनं चेहरा त्याच्याकडं वळवला, पण नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडं गेली. “कशी दिसायलीय माही लेक? तोंड उतरलंय का?”

चित्रानं आपल्या वतीनं खोटं बोलावं म्हणून तो सकाळपासून खपला होता. आता ते त्यालाच बोलायचं होतं. टीव्हीवर सत्यशीला शेजारच्या बाईशी काहीतरी बोलून हसत होती. खरं सांगितलं तर ही म्हातारी, आजारी लेक आपणच ट्रकात घातली, हे घेऊन घरी जाणार. आणि खरं सांगितलं तर तिचा पुढचा प्रश्न काय असेल, तेही त्याला कळत होतं. आपण तिला वाचवतोय की स्वतःला, याचा काही त्याला उलगडा होईना.

“न्हाई मावशी. चांगली हाय. गाल भरलेत.”

“खरं?”

“व्हय. हसायलीय. बाजूच्या बाईसंगं बोलायलीय कायतरी.”

“हसायलीय,” धुरपताबाई म्हणाली. तिनं पदर तोंडात धरला आणि आवाज न करता रडली. तिच्या पाठीवर हात ठेवावा असं त्याला वाटलं, पण तेवढी हिंमत झाली नाही.

“चार महिने झाले, घास उतरंना मला,” ती म्हणाली. “माह्या हातानं धाडली म्हणून.”

चार मिनिटांचा तुकडा संपला. टीव्हीवर पांढऱ्या मुंग्या सुरू झाल्या. तो बंद करायला कुणी उठलं नाही. ती बसल्या जागी पदरानं डोळे कोरडे करत राहिली, मग गुडघ्यावर हात देऊन उभी राहिली. हवेत हात फिरवून तिनं राधाकिशनचं डोकं शोधलं आणि त्यावर तळवा ठेवला. तळवा खरबरीत होता आणि ऊन होता.

“मी तरी काय येडी बाई,” ती म्हणाली. “उगंच जिवाला लावून घेतलं. तू व्हतास की तिथं कॅमेरा घेऊन. तुला काही वावगं दिसलं असतं, तर येऊन सांगितलं असतंस की मला.”

राधाकिशननं मान हलवली. मग हिला मान हललेली दिसत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. ती थांबली होती.

“व्हय मावशी,” तो म्हणाला. “सांगितलं असतं.”