तांडेलाच्या पेटीचा चोरकप्पा

मित्रांनो, मला ठोकून पाहिल्याशिवाय आजवर कोणी माझ्यावर विश्वास ठेवलेला नाही. मी एका जपानी तांडेलाची, म्हणजे गलबताच्या म्होरक्याची, पेटी. आता मुक्काम अमेरिकेत, रेडमंडला, शैलजा आणि एकनाथ यांच्या घरी.

माझा जन्म जपानमधल्या एका छोट्या बंदरात झाला. तेव्हा तिथे शिडाच्या गलबतांची गर्दी असे. तांदूळ उत्तरेला जाई, तिकडून सुकी मासळी येई. चौकीवरचे शिपाई चोरटा माल शोधायला मला ठोकून बघत. पुढे आगगाडी आली, गलबते थांबली, बंदर गाळाने भरले. मी कुठल्याशा माळ्यावर धूळ खात पडले आणि शेवटी अमेरिकेत विकायला आले.

शैलजाने मला हौसेने आणले. एकनाथने मात्र पहिल्याच दिवशी माझी पाठ ठोकली.

"आत पोकळ वाजतंय. मला डाउट येतोय यार, काही इलीगल लपवलेलं असलं तर?"

शेजारच्या म्हाताऱ्या तोमोकोबाई मला बघायला येऊ लागल्या. माझ्या लोखंडी पट्ट्यांवरून हात फिरवत, वाकून सांधे निरखत. खरे सांगते, मलाही त्यांची शंका येई.

"यांचा डोळा आहे पेटीवर," एकनाथ म्हणाला. "आता बेल वाजली तरी ओपन करू नकोस."

"काहीतरीच तुझं!" शैलजा म्हणाली. पण तिनेही दोनदा दार उघडले नाही. बाई पावसात उभ्या राहून परत गेल्या.

शनिवारी एकनाथने मला गॅरेजमध्ये नेले आणि ड्रिल सुरू केले. आवाज ऐकून तोमोकोबाई धावत आल्या.

"थांबा! प्लीज!"

त्यांनी माझा खालचा खण काढला, आत हात घालून लाकडी खुंटी सरकवली. चोरकप्पा उघडला. कागदात गुंडाळलेली, कापलेली शेंडी निघाली.

बाईंनी कागद वाचला. वादळात सापडलेल्या तांडेलाने शेंडी कापून नवस बोलला होता : जिवंत परतलो, तर ही गावच्या देवळात वाहीन. तो परतला, पण नवस फेडण्याआधीच तापाने गेला. हे फक्त मला ठाऊक होते.

"कागदावरचं हे गाव माझ्या आजोबांचं," बाई म्हणाल्या. "ते अशाच पेट्या बनवायचे."

"मग पेटी ओळखीची आहे, हे आधी का नाही सांगितलंत?" एकनाथने विचारले.

"आधी खात्री नव्हती. खात्री झाल्यावर दोनदा सांगायलाच आले होते. तुम्ही दार उघडलं नाहीत."

एकनाथची मान खाली गेली. त्याने ती पुडी दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली. "काकू, ही तुम्हीच न्या."

ऑक्टोबरमध्ये बाई जपानला जाऊन शेंडी त्या गावच्या देवळात वाहून आल्या. नवस फिटला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. त्यांच्यावर हत्यार चालवण्याआधी त्यांना ओळखणारे कोणी शेजारी आहे का, ते विचारा. आणि असेल, तर त्या माणसाला बसायला सांगा, चहा द्या, त्याला बोलू द्या.