पांढऱ्या पेंटची अक्षरं

गाझियाबादच्या एका सोसायटीत शहीद जवानांच्या कुटुंबांच्या मदतीसाठी जुन्या व्हिडिओ गेम्सचा शो भरला होता. इंदुमतीला मानानं पहिल्या रांगेत बसवलं होतं, कारण तिचा नवरा सीमेवर लढताना गेलेला. लेकीचा जुना गेमही तिनं शोसाठी दिला होता, पण परत करायच्या बोलीवर.

तो गेम तिच्या नवऱ्यानं, मारुतरावांनी आणला, तेव्हा आणल्या दिवशीच फौजी खाक्याप्रमाणे त्यावर पांढऱ्या पेंटनं स्वतःचा नंबर, हुद्दा आणि नाव लिहिलं. बदलीच्या वेळी ट्रंका, खुर्च्या, सगळं असंच रंगायचं. "अहो, खेळण्यावर कशाला?" म्हणून ती कातावली होती. पुढे ट्रंका गंजून भंगारात गेल्या आणि त्यांच्या हातची गेमवरची तेवढीच अक्षरं उरली.

टेबलावर गेम काळाभोर चकाकत होता. इंदुमतीनं तो उलटापालटा करून पाहिला. कुठेच काही नव्हतं.

"काकू, एकदम नवा केला ना?" शो भरवणारा तिशीतला विश्वजित खुशीत म्हणाला. "पेंटचे डाग बिल्कुल निघत नव्हते. दोन दिवस थिनर लावून घासत होतो."

"डाग नव्हते ते, मेल्या! माझ्या नवऱ्याचं नाव होतं."

विश्वजितचा चेहरा पडला. "अच्छा... सॉरी काकू. स्टिकर छापून लावू या, चालेल?"

दोन दिवस एकेक अक्षर घासून काढणाऱ्या त्या माणसानं लिहून घ्यायला मोबाइल काढला आणि विचारलं, "काय नाव होतं त्यांचं?"