निळा घट

मित्रांनो, मी एक जुना घट आहे. अंगावर अर्धा निळा रंग, अर्धी लाल माती. शाळेच्या खिडकीत मला असा बसलेला पाहून तुम्ही हसता. खुशाल हसा, हा अवतार मी मिरवतो.

पिशोरच्या बन्सी कुंभारांनी मला घडवलं. त्यांनी मातीत घोड्याची लीद कालवली. भट्टीत लीद जळाली आणि तिच्या जागी बारीक छिद्रं राहिली. असा पाझरणारा घट कोण घेणार, असं मला वाटायचं. पण नवरात्राच्या आदल्या दिवशी साळूबाईंनी मला घरी नेलं. त्यांच्या नातीनं, राजनंदिनीनं, दाराचा उरलेला निळा ऑइलपेंट मला लावला. सगळी गल्ली बघायला आली. मी तर फुगूनच गेलो.

घट बसले. पत्रावळीवर ओली माती, मातीत गहू-ज्वारी, मधोमध पाण्यानं भरलेला मी. पुढं वरून पाणी घालायचं नाही, घट पाझरेल तेवढ्यावरच धान वाढायचं, असा त्या घरचा रिवाज. चौथीच्या सुलेखा मॅडमनी मुलांना सांगितलं होतं, घरच्या घटाचे कोंब रोज पट्टीनं मोजा. राजनंदिनीच्या वहीत चार दिवस शून्यच.

साळूबाई घाबरल्या. "घट उगवला नाय. कुणाचा तरी इटाळ झाला," असं म्हणून त्यांनी नातीकडं बघितलं. पोर माझ्याजवळ यायची थांबली. मला फार वाईट वाटलं.

मॅडम मात्र वही बघून रागावल्या नाहीत. त्यांनी वर्गाला विचारलं, "तुमच्या घटाला हात लावला तर कसा लागतो?"

"गार. ओला."

"आणि तुझा गं?"

शाळा सुटताच राजनंदिनी धावत घरी आली आणि तिनं मला हात लावला. मी कोरडा ठणठणीत.

"आजी, रंगानं ह्याची भोकं बुजली. पाणी भाईर येईना."

"बसला घट हलवत नसतात, पोरी."

"हलवत नाय. जाग्यावरच घासते."

साळूबाईंनी स्वतः मला हात लावून बघितला. मग पॉलिश पेपर त्यांनीच शोधून दिला. अर्धा रंग निघाला आणि मला घाम फुटला. इतका आनंद मला कौतुकानंही झाला नव्हता. संध्याकाळपर्यंत भोवतालची माती ओली झाली.

दसऱ्याला कोंब चार बोटं वाढले होते. पिवळे, जरा वाकडे. साळूबाईंनी पहिला तुरा नातीच्या वेणीत खोवला. "इटाळ रंगाचा व्हता, माय. तुझा नाय."

पुढं राजनंदिनीनं मला शाळेत आणलं, तेव्हापासून मी या खिडकीत आहे. मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. कुठं काही उगवलं नाही, तर एखाद्या पोरीकडं बघण्याआधी घटाला हात लावून बघा.